मुलाच्या शेजारी की शिक्षकाच्या शेजारी?

युनिसेफने २०२१ साली देशोदेशीची आकडेवारी एकत्र करून मांडलेला हिशेब असा: जगात सुमारे २४ कोटी मुलं कोणत्या ना कोणत्या अपंगत्वासह वाढत आहेत. इतर मुलांशी तुलना केली तर त्यांनी शाळेचं तोंडही पाहिलेलं नसण्याची शक्यता ४९ टक्क्यांनी जास्त आहे आणि पायाभूत वाचन व गणित येण्याची शक्यता ४२ टक्क्यांनी कमी. गरीब देशांत विशेष शिक्षक मोजके, ब्रेलची पुस्तकं त्याहून मोजकी. ही उणीव भरून काढायला साठ-पासष्ट वर्षं श्रीमंत देशांतल्या सेवाभावी संस्था स्वयंसेवक पाठवत आल्या आहेत. कुणी सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या शेजारी बसून त्याच्याकडून अक्षरं गिरवून घेतं, कुणी ब्रेल शिकवतं, कुणी व्हीलचेअर मुलाच्या मापाची करून देतं, कुणी शिक्षकांची शिबिरं घेतं.

या कामामागच्या सद्भावनेबद्दल फारसा वाद नाही. वाद आहे तो परिणामाबद्दल, आणि तो आता बराच पुढे गेला आहे. त्यात कोणत्या बाजू आहेत, पुरावा काय सांगतो आणि कोणते प्रश्न अजून उघडे आहेत, ते इथे पाहू.

मिशनच्या शाळांपासून

या कामाची मुळं धर्मप्रसारकांच्या शाळांत आहेत, आणि ती पाहायला मराठी वाचकाला फार लांब जावं लागत नाही. मुंबईत कर्णबधिर मुलांची शाळा १८८५ साली कॅथलिक बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने निघाली. १९०० साली अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी मुंबईतच अंध मुलांसाठी शाळा काढली. दादरच्या अंधशाळेचा उगम तो. त्या काळात मिशनऱ्यांनी, आणि काही भारतीयांनीही, इथल्या भाषांसाठी ब्रेलच्या वेगवेगळ्या पद्धती बसवल्या होत्या. एका पद्धतीत शिकलेल्या मुलाला दुसऱ्या पद्धतीचं पुस्तक वाचता येत नसे. १९५१ साली भारती ब्रेल स्वीकारली गेली तेव्हा हा गोंधळ आवरला. बाहेरून आलेल्या माणसाने शाळा उभी करावी आणि तिथल्या मुलांच्या भाषेचा प्रश्न पुढच्या पिढीवर सोडून जावं, असं पुढेही अनेक देशांत घडलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर मिशनऱ्यांच्या जोडीला स्वयंसेवक आले. ब्रिटनमध्ये १९५८ साली ॲलेक आणि मोरा डिक्सन या दांपत्याने व्हीएसओ ही स्वयंसेवक पाठवणारी संस्था सुरू केली. पहिल्या तुकड्या नुकत्याच शाळा संपवलेल्या तरुणांच्या होत्या. अमेरिकेचं पीस कोअर १९६१ साली निघालं, जपानने १९६५ साली आपली योजना आणली, जर्मनीने २००८ साली ‘वेल्टवेर्ट्स’ या नावाने तरुणांना वर्षभरासाठी पाठवायला सुरुवात केली. व्हीएसओ यथावकाश अनुभवी व्यावसायिकांकडे वळली. दुसऱ्या टोकाला दोन-चार आठवड्यांच्या सशुल्क सहलींचा बाजार वाढला. म्हणजे ‘परदेशी स्वयंसेवक’ या एका नावाखाली दोन वर्षं राहून स्थानिक भाषा शिकणारा विशेष शिक्षकही येतो आणि सुट्टीत आलेला विद्यार्थीही. या वादातली निम्मी धूळ दोघांना एकत्र मोजल्याने उडते, असं मला वाटतं.

मधल्या काळात जगाची भूमिका बदलली. १९९४ साली स्पेनमधल्या सालामांका इथे ९२ सरकारांच्या प्रतिनिधींनी जाहीर केलं की नेहमीच्या शाळांनीच सर्व मुलांना सामावून घ्यावं. २००६ साली संयुक्त राष्ट्रांनी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार संमत केला. त्याच्या २४व्या कलमाने समावेशक शिक्षण हा हक्क ठरवला आणि अपंगत्व असलेले शिक्षकही नेमावेत असं सांगितलं. ३२व्या कलमाने परदेशी मदतीलाही हीच अट लावली. तेव्हापासून स्वयंसेवकाकडे पाहण्याची नजर बदलली. मदत करणारा म्हणून त्याचं कौतुक पूर्वी होत असे, आता तो मुलाच्या हक्काला पुढे नेतो की आडवा येतो, असं विचारलं जाऊ लागलं.

भाषा कुणाची?

या प्रश्नाचा सर्वांत जुना आणि सर्वांत सखोल इतिहास कर्णबधिर मुलांच्या शाळांत सापडतो, म्हणून तिथे थोडं थांबतो.

फिलिपिन्स घ्या. १९०७ साली मनिलात डिलाइट राइस या अमेरिकन शिक्षिकेने तिथली पहिली शाळा काढली. तिचे आईवडील कर्णबधिर होते. खुणांची भाषा तिला घरातच मिळाली होती, आणि ती भाषा अमेरिकन होती. १९७०च्या दशकात पीस कोअरने तिथे कर्णबधिर स्वयंसेवक पाठवले. कर्णबधिर माणूस शिकून शिक्षक होऊ शकतो, हे तिथल्या अनेक मुलांना आणि पालकांना त्यांच्यामुळे दिसलं. त्याच सुमारास इंग्रजी वाक्यातला शब्द न् शब्द खुणांनी दाखवण्याची पद्धतही वर्गांत रुजली. तोवर मुलांच्या आपसातल्या बोलण्यातून एक वेगळी भाषा घडत गेली होती. तिला मान्यता मिळावी म्हणून फिलिपिनो कर्णबधिरांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं लढा दिला आणि ऑक्टोबर २०१८मध्ये फिलिपिनो खूणभाषा ही देशातल्या कर्णबधिरांची राष्ट्रीय खूणभाषा आणि त्यांच्या शिक्षणाचं माध्यम ठरवणारा कायदा झाला. शाळा परदेशी माणसांनी उभ्या केल्या, त्या शाळांतल्या पिढ्यांनी आपल्या भाषेचा हक्क मिळवला. या इतिहासाचं श्रेय आणि दोष वेगळे काढता येत नाहीत.

आफ्रिकेतली गोष्ट अँड्र्यू फॉस्टर यांच्यापासून सुरू होते. फॉस्टर अमेरिकेतल्या अलाबामाचे, वयाच्या अकराव्या वर्षी आजारात श्रवणशक्ती गमावलेले, कर्णबधिरांच्या गॅलॉडेट महाविद्यालयाची पदवी मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय कर्णबधिर. १९५७ साली ते घानाला गेले. १९८७ साली रवांडात विमान अपघातात मृत्यू येईपर्यंत त्यांनी १३ देशांत तीसहून अधिक शाळा उभ्या केल्या. विशेष म्हणजे नायजेरियातल्या इबादानला त्यांनी आफ्रिकन कर्णबधिर तरुणांनाच शिक्षक म्हणून घडवलं. फॉस्टर गेल्यावरही शाळा चालू राहिल्या त्या या माणसांमुळे. पण त्यांनी नेलेली भाषा अमेरिकन खूणभाषेवर बेतलेली होती. घानातल्या अडामोरोबे या गावात पिढ्यानपिढ्या वंशपरंपरेने बहिरेपण आढळतं, आणि तिथे ऐकू येणारे गावकरीही वापरतात अशी गावची स्वतःची खूणभाषा आहे. तिथली मुलं निवासी शाळेत गेली, घानाची शालेय खूणभाषा शिकली, आणि गावची भाषा मागे पडू लागली. भाषाभ्यासक याला मोठं नुकसान मानतात. शाळेमुळेच देशभरातल्या कर्णबधिरांशी बोलता येऊ लागलं, हेही तितकंच खरं आहे.

निकाराग्वाचं उदाहरण उलट दिशेचं. १९७७ साली मानाग्वातल्या विशेष शाळेत आणि नंतर एका व्यवसायशाळेत शेकडो कर्णबधिर मुलं पहिल्यांदा एकत्र आली. शिक्षक त्यांना ओठ वाचून स्पॅनिश शिकवू पाहत होते; त्यात फारसं यश नव्हतं. खेळाच्या मैदानात आणि बसमध्ये मात्र मुलांनी स्वतःची भाषा घडवली. १९८६ साली सरकारच्या निमंत्रणावरून आलेल्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ ज्युडी केगल यांनी ही नवी भाषा ओळखली आणि तिच्यावर अमेरिकन खूणभाषा लादायची नाही अशी भूमिका घेतली. यावर टीकाही झाली: मुलांना जगाच्या ज्ञानाशी जोडणारी तयार भाषा हाताशी असताना ती का देऊ नये? हा आक्षेप हलका नाही. पण त्या मुलांची भाषा आज निकाराग्वात जिवंत आहे.

या अनुभवांतून पाठवणाऱ्या संस्थाही शिकल्या. केनियात पीस कोअरचे स्वयंसेवक कर्णबधिरांच्या शाळेत जाण्याआधी केनियन खूणभाषा शिकत. २०१०च्या राज्यघटनेने तर त्या भाषेला संसदेची एक अधिकृत भाषा केलं. अंध मुलांच्या बाबतीत साबरिये टेनबेर्केन यांचं काम लक्षणीय आहे. स्वतः दृष्टिहीन असलेल्या या जर्मन स्त्रीने १९९२ साली तिबेटी लिपीसाठी ब्रेल तयार केली आणि १९९८ साली ल्हासात अंध मुलांची शाळा काढली. पुढे केरळात तिरुवनंतपुरमजवळ त्यांनी ‘कांथारी’ ही संस्था उभी केली, जिथे देशोदेशीचे कार्यकर्ते स्वतःचे उपक्रम आखायला शिकतात.

समर्थकांचं म्हणणं

समर्थक सांगतात ते मुद्दे साधे आणि ठोस आहेत. एका शिक्षकापुढे साठ-सत्तर मुलं असतील तर ऐकू न येणारं किंवा हात न वळणारं मूल मागच्या बाकावर विसरलं जातं. तिथे आणखी एक प्रौढ माणूस असणं हीच मोठी गोष्ट. फिजिओथेरपी, वाचादोषांवरचे उपचार, दृष्टी थोडी शिल्लक असलेल्या मुलांना शिकवण्याची पद्धत, ही कौशल्यं अनेक जिल्ह्यांत कुणाकडेच नसतात. ती घेऊन येणारा माणूस दोन वर्षं राहिला तर बरंच काही मागे ठेवून जातो. घरात दडवून ठेवलेल्या मुलाकडे बाहेरचा माणूस आदराने पाहतो तेव्हा पालकांची आणि गावाची नजर बदलते, असं अनेक शिक्षक सांगतात. माझ्या मते हा परिणाम मोजता येत नसला तरी तो नाकारणं अन्यायाचं होईल. शिवाय परतलेले स्वयंसेवक आपल्या देशात या मुलांचे कायमचे पाठीराखे होतात, आणि काही जण पुढे हेच क्षेत्र निवडतात.

आक्षेप घेणारे

आक्षेपांची परंपराही जुनी आहे. १९६८ साली मेक्सिकोत विचारवंत इव्हान इलिच यांनी अमेरिकन विद्यार्थी-स्वयंसेवकांपुढेच त्यांच्या सेवेवर कठोर भाषण केलं. ज्यांची भाषा तुम्हाला येत नाही त्यांचं भलं करायला येऊ नका, हा त्याचा रोख होता. अपंगांच्या चळवळीने त्यात आपला मुद्दा घातला: आमच्याविषयीचे निर्णय आमच्याशिवाय नकोत. त्यांच्या मते स्वयंसेवकाचं प्रशिक्षण न झालेलं असणं इतकाच दोष नाही. मूल दयेचा विषय बनतं, त्याचे फोटो निधी गोळा करण्यासाठी वापरले जातात आणि त्यात त्याची संमती क्वचितच विचारली जाते. विकसित देशात याच मुलाला शिकवायला प्रमाणपत्र लागतं. परदेशात मात्र उत्साह पुरतो. हा दुहेरी न्याय आहे, हे म्हणणं मला पटतं.

दुसरा आक्षेप पैशाचा. फुकट मनुष्यबळ मिळत राहिलं तर सरकारला विशेष शिक्षकांची पदं भरण्याची घाई राहत नाही. याचं उत्तर समर्थक असं देतात की पदं नसताना मुलांनी वाट पाहत बसावं का? दोन्ही बाजूंना आपापल्या परीने मुलाचीच काळजी आहे, म्हणून इथे एकमत होणं कठीण जातं.

वर्गातला पुरावा

इथे श्रीमंत देशांतल्या संशोधनाकडे वळावं लागतं, कारण सर्वांत भक्कम पुरावा तिथला आहे. अमेरिकेत मायकेल जियांग्रेको आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवलं की अपंगत्व असलेल्या मुलाला सतत चिकटून राहणाऱ्या मदतनिसामुळे वर्गशिक्षक त्या मुलाची जबाबदारी सोडून देतो, वर्गमित्र दूर राहतात आणि मूल मोठ्या माणसावर अवलंबून राहायला शिकतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये पीटर ब्लॅचफोर्ड यांच्या नेतृत्वाखाली २००३ ते २००८ या काळात शाळांतल्या सहायक कर्मचाऱ्यांवर मोठा अभ्यास झाला. ज्या मुलांना सहायकांची मदत जास्त मिळाली त्यांची शैक्षणिक प्रगती तशाच इतर मुलांपेक्षा कमी झाली, असा त्याचा निष्कर्ष. आधीची गुणवत्ता आणि विशेष गरजा हिशेबात धरूनही हा फरक उरला. संशोधकांनी दोष सहायकांना दिला नाही. त्यांना तयारीला वेळ मिळत नव्हता, आणि सर्वांत गरजू मूल सर्वांत कमी शिकलेल्या माणसाकडे सोपवलं जात होतं. नंतरच्या अभ्यासांत असंही दिसलं की प्रशिक्षण घेतलेला सहायक ठरावीक, नीट आखलेला पाठ छोट्या गटाला देतो तेव्हा मुलं चांगली प्रगती करतात.

हे निष्कर्ष पगारी, त्याच देशातल्या, तीच भाषा बोलणाऱ्या सहायकांबद्दल आहेत. भाषा न येणाऱ्या आणि सहा महिन्यांत निघून जाणाऱ्या स्वयंसेवकाच्या बाबतीत ते जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. पण धोका तिथे कमी असेल असं मानायला मला काही आधार दिसत नाही.

सुरक्षितता आणि निवासी शाळा

मुलांच्या सुरक्षिततेबाबत मतभेद सर्वांत कमी आहेत. २०१२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणानुसार अपंगत्व असलेल्या मुलांवर हिंसा होण्याची शक्यता इतर मुलांच्या ३.७ पट असते. जे मूल बोलून सांगू शकत नाही, ज्याला आंघोळीला आणि शौचाला मदत लागते, त्याच्याजवळ अनोळखी माणसं पाठवताना पूर्वी जेवढी तपासणी होई ती अपुरी होती. अनाथाश्रमांबद्दलची चर्चा इथे येऊन मिळते. लिंडा रिक्टर आणि एमी नॉर्मन यांनी २०१० साली दक्षिण आफ्रिकेच्या संदर्भात लिहिलं की येऊन जाणाऱ्या स्वयंसेवकांशी जिव्हाळा जडून तो पुन्हापुन्हा तुटण्याने लहान मुलांना इजा होते. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने २०१७ साली अनाथाश्रमांसाठी होणारी मुलांची तस्करी आधुनिक गुलामीत धरावी अशी मांडणी केली, आणि डिसेंबर २०१९मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने अनाथाश्रमांतल्या स्वयंसेवेच्या धोक्यांकडे सरकारांचं लक्ष वेधलं.

शाळा म्हणजे अनाथाश्रम नव्हे, हे खरं. पण अनेक देशांत अंध आणि कर्णबधिर मुलांच्या शाळा निवासी असतात. मूल सहाव्या-सातव्या वर्षी घर सोडून तिथे येतं. त्यामुळे अनाथाश्रमांसाठी आखलेले नियम या शाळांना किती लावायचे, हा प्रश्न खरा आहे आणि त्यावर पुरेशी चर्चा झालेली नाही. त्यातच एक जुना पेच आहे: संयुक्त राष्ट्रांची अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीची समिती समावेशक शाळांचा आग्रह धरते, तर कर्णबधिरांच्या अनेक संघटना खूणभाषेतल्या चांगल्या शाळा टिकल्याच पाहिजेत असं म्हणतात. स्वयंसेवकाने कोणत्या शाळेत काम करावं, हेही या पेचावर अवलंबून आहे.

जागा बदलणारी वाट

गेल्या काही वर्षांत अनुभवी संस्था एका दिशेने सरकताना दिसतात. स्वयंसेवकाची जागा मुलाच्या शेजारून शिक्षकाच्या शेजारी, किंवा शिक्षक घडवणाऱ्या महाविद्यालयात. व्हीएसओने जिथे काम चालतं त्याच देशातल्या स्वयंसेवकांवर भर वाढवला. जर्मनीत ‘बेझेव’ ही संस्था अपंगत्व असलेल्या तरुणांनाही परदेशी स्वयंसेवेसाठी पाठवते. डिलाइट राइसच्या शाळेनंतर जवळपास सात दशकांनी फिलिपिन्समध्ये कर्णबधिर स्वयंसेवक आले तेव्हा झालेला परिणाम आठवला की याचं महत्त्व कळतं. व्हीलचेअरवरून आलेली शिक्षिका मुलांना जे दाखवते ते कोणत्याही प्रशिक्षणात सांगता येत नाही.

कंबोडियातली ‘क्रुसार थ्मेय’ ही संस्था या वाटेचा सर्वांत पूर्ण नमुना म्हणता येईल. १९९१ साली थायलंडमधल्या निर्वासित छावणीत एका फ्रेंच माणसाने तिची सुरुवात केली. १९९४ साली अंध मुलांची आणि १९९७ साली कर्णबधिर मुलांची शाळा निघाली, ख्मेर ब्रेल तयार झाली, कंबोडियन शिक्षक घडवले गेले. २०२०च्या सुमारास या शाळा देशाच्या शिक्षण मंत्रालयाकडे सुपूर्त झाल्या. तिथवर पोचायला जवळपास तीन दशकं लागली. ज्यांना वर्षभरात निकाल हवे असतात अशा देणगीदारांनी हा काळ लक्षात ठेवायला हवा.

काय उरलं आहे

पहिली अडचण मोजणीची. अपंगत्वाच्या आकडेवारीवर काम करणारा वॉशिंग्टन ग्रुप आणि युनिसेफ यांनी २०१६ साली मुलांच्या कार्यक्षमतेबद्दलची प्रश्नावली आणल्यापासून कोणत्या मुलाला काय कठीण जातं, हे देशोदेशी सारख्या पद्धतीने टिपता येऊ लागलं. पण संस्थांचे अहवाल अजूनही किती शिक्षकांना प्रशिक्षण दिलं आणि किती मुलांपर्यंत पोचलो, एवढंच सांगतात. मूल वाचायला शिकलं का आणि स्वयंसेवक गेल्यावरही शिकत राहिलं का, हे तपासणारे अभ्यास तुरळक आहेत.

दुसरी अडचण अधिक अस्वस्थ करणारी. या साऱ्या वादात संस्था बोलतात, परतलेले स्वयंसेवक बोलतात, संशोधक बोलतात. ज्यांच्या शेजारी ते बसले ती मुलं मोठी झाली आहेत आणि त्यांचं म्हणणं फार कमी ठिकाणी नोंदलं गेलं आहे. फिलिपिन्समधल्या कर्णबधिर संघटनांनी ते सांगितलं म्हणून तिथला इतिहास आपल्याला कळतो. बौद्धिक अपंगत्व असलेल्या किंवा बोलू न शकणाऱ्या मुलांच्या बाबतीत तेवढंही नाही.

किती काळ राहणं पुरेसं, यावरही एकवाक्यता नाही. कमीत कमी वर्षभर हवं असं पुष्कळ संस्था मानतात; पण व्हीलचेअर बसवणारा तंत्रज्ञ दहा दिवसांत उपयोगी काम करतो आणि भाषा न शिकलेला शिक्षक वर्षभरातही करत नाही. कामानुसार मुदत ठरवणारी मोजपट्टी बनवायला अजून कुणी नेटाने बसलेलं दिसत नाही. कोविडच्या काळात वाढलेलं दूरस्थ मार्गदर्शन शिक्षकांसाठी उपयोगी ठरू शकेल, पण वीज आणि इंटरनेट नसलेल्या शाळांपर्यंत ते पोचत नाही.

आणि आता निधीचा प्रश्न तीव्र झाला आहे. २०२५ साली अमेरिकेची परदेशी मदत देणारी यूएसएड ही संस्था बंद झाली. इतर देशांनीही मदत आखडती घेतली. पगारी तज्ज्ञांचे कार्यक्रम थांबले की त्यांची जागा घेण्यासाठी स्वयंसेवकांकडे पाहिलं जाईल, आणि तेव्हा तपासणी व प्रशिक्षण यांवरचा खर्च आधी कापला जाण्याचा धोका आहे. कंबोडियातल्या शाळा सरकारी अंदाजपत्रकावर किती टिकतात आणि तिथले शिक्षक नोकरीत किती राहतात, याकडे म्हणूनच या क्षेत्रातल्या सर्वांचं लक्ष असायला हवं. शिक्षकाच्या शेजारी उभं राहण्याची वाट तिथेच सर्वांत लांबवर चालून झाली आहे.